अरबी समुद्र न सोडणारा देवमासा

नमस्कार मंडळी! आज कोल्हापुरात बसून देवमाशावर बोलायचंय. "रंकाळ्यात घावला काय?" असं विचारणारे दोघं-तिघं असणारच. नाही घावला. पण गगनबावड्याला जो पाऊस कोसळतो ना, त्याचा आणि एका देवमाशाचा थेट संबंध आहे.

[स्क्रीनवर अरबी समुद्राचा नकाशा]

हा देवमासा म्हणजे हंपबॅक. जगभरातले हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जाऊन पोट भरतात आणि हिवाळ्यात पिल्लांसाठी उबदार पाण्यात येतात. दरवर्षी हजारो किलोमीटरची ये-जा. अरबी समुद्रातले हंपबॅक तेवढे कुठंच जात नाहीत. जेवण इथंच, पिल्लंही इथंच.

मग एवढ्या गरम समुद्रात त्यांना खायला काय मिळतं? इथंच तो पाऊस येतो. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटतो. आपल्याकडं तो सह्याद्रीला धडकून पाऊस पाडतो. तोच वारा तिकडं ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो आणि वरचं पाणी आत खोल समुद्राकडं ढकलतो. त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं, खतासारखी द्रव्यं घेऊन. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यामागं कोळंबीसारखे बारीक जीव आणि तारलीचे थवे. घरात ताट वाढलेलं असताना अंटार्क्टिकाला कोण जाईल?

शास्त्रज्ञांच्या जनुकीय अभ्यासानुसार हे हंपबॅक सुमारे 70,000 वर्षं इतरांपासून वेगळे पडलेत. म्हणजे इथले संपले, तर बाहेरून येऊन त्यांची जागा घेणारं कुणी नाही. आणि आहेत किती? ओमानजवळ काढलेल्या फोटोंवरून मांडलेला अंदाज होता फक्त 82. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यावरून एकेक ओळखता येतो.

हे इथून हलत नाहीत, याचा भक्कम पुरावा मात्र शिकारीतून आला, हे वाचून मला कसंतरीच झालं. 1965-66 मध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात बेकायदा 242 हंपबॅक मारले. त्यांच्या पोटातलं अन्न आणि गर्भांची वाढ यांच्या नोंदी जहाजांवर ठेवल्या होत्या; जेवण आणि पिल्लं दोन्ही इथंच, हे त्यांतून दिसलं. त्या कित्येक वर्षं दडवल्या गेल्या आणि 1990 च्या दशकात बाहेर आल्या.

आता यातलं आपलं काय? 2017 च्या नोव्हेंबरमध्ये ओमानला एका मादीला उपग्रहाकडं सिग्नल पाठवणारा टॅग लावला. तिचं नाव लुबान. पुढच्याच महिन्यात ही बाई अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, तिथून खाली भारताच्या दक्षिण टोकाकडं गेली आणि परत ओमानला! म्हणजे करूळ घाट उतरून आपण ज्या समुद्रावर जातो, तोही त्यांच्या वावरातलाच आहे. तिथं आणखी कोण दिसतं? ब्रायडीज व्हेल. आणि 2015 मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात अभ्यासकांना चक्क ब्लू व्हेल दिसले.

'व्हेलच्या उलटी'बद्दल मोजकंच बोलतो, कारण तिला नको तेवढी प्रसिद्धी मिळालीय. ही 'उलटी' म्हणजे अंबरग्रीस, आणि ते स्पर्म व्हेल या वेगळ्या देवमाशाच्या आतड्यात तयार होतं, हंपबॅकच्या नाही. भारतात त्याचा व्यापार गुन्हा आहे. कोटींचे आकडे सांगणारा कुणी भेटला, तर चार पावलं लांब राहा.

खरा धोका आहे जाळ्यांचा आणि जहाजांच्या धडकेचा. जाळ्यावर मला महाराष्ट्राची एक योजना फार आवडते. संरक्षित प्राणी अडकला म्हणून मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. डिसेंबर 2018 पासून. जाळं म्हणजे त्या माणसाचं भांडवल. नुसतं "वाचवा वाचवा" म्हणून ते कोण कापणार?

मालवण-देवगडला बोटीवर असाल आणि शेपटी वर आली, तर तिच्या खालच्या बाजूचा फोटो घ्या, वेळ आणि जागा लिहून ठेवा. बोट मात्र अंगावर घालू नका. किनाऱ्यावर जिवंत देवमासा अडकलेला दिसला, तर वनविभागाच्या 1926 ला फोन करा. मदत येईपर्यंत ओली कापडं टाकून कातडी भिजती ठेवा, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका. आणि कितीही माणसं जमली, तरी शेपटीला दोर बांधून ओढायचं नाही, त्यानं मणक्याला इजा होते.