पऱ्हाटीचा कोळसा बरड रानात

(दृश्य: फेब्रुवारीची संध्याकाळ. शिवारात जागोजाग जाळ.)

यवतमाळ जिल्हा, कळंब तालुका. कापसाची वेचणी उरकली आणि शिवारात जाळ दिसू लागले. चुलीपुरती पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, घरी गेली, बाकीची धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचून पेटवून दिली. शेतकरी हे उगाच करत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस पोखरला, आणि झाडावर राहिलेल्या वाळक्या बोंडांत ही अळी दडून बसते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पऱ्हाटी शेतात ठेवायची कुणाची छाती होत नाही.

पण एका एकरात जवळपास टनभर पऱ्हाटी निघते. अख्ख्या हंगामात झाडानं हवेतून ओढलेला कर्ब त्या काड्यांत साठलेला असतो, आणि तो एका संध्याकाळी धूर होऊन जातो. मागं राहते ती राख, तीही वाऱ्यावर उडते. कोरडवाहू रानांचा सेंद्रिय कर्ब कितीतरी ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या खाली आलेला असताना ही उधळपट्टी आपल्याला परवडणारी नाही.

(दृश्य: दोघं जण खड्डा खणताहेत. कुदळ मुरमावर आदळते.)

या शेतात पऱ्हाटी धुऱ्यावर नेलेली नाही, तिचा मातीत घालायला कोळसा करायचाय. वर पाच फूट रुंद, खाली निमुळता होत गेलेला, तीन फूट खोल असा एक खड्डा खणलाय. भट्टी म्हणायची ती एवढीच. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं याच कामासाठी लोखंडी ड्रमची भट्टी तयार केली आहे, पण खड्ड्याला कुदळ आणि दोन माणसं पुरतात. सुरुवात करणाऱ्यानं खड्ड्यापासूनच करावी.

(दृश्य: तळाशी पेटलेल्या काड्या. वरून नवा थर पडतो.)

तळाशी बारीक, खडखडीत वाळलेल्या काड्या. जाळ वरून लावायचा. तो सगळीकडे धरला की पऱ्हाटीचा पातळ थर टाकायचा, मग थांबायचं. वरच्या काड्यांवर पांढुरकी राख धरू लागली की पुढचा थर. जाळ वर असतो आणि हवेतला प्राणवायू तोच खाऊन टाकतो. खालच्या थराला हवा मिळत नाही, म्हणून तिथली काडी जळून राख होत नाही, तिचा कोळसा होतो. काडीतून निघालेला वायू वरच्या ज्वाळेत जळतो. धूर जवळपास नाहीच, कॅमेऱ्यातही बघा. थर टाकणाऱ्या भाऊंनी एका वाक्यात सांगितलं: “धूर निघाला का समजाचं, काडी ओली हाय.”

दडलेली अळीही याच जाळात संपते. बोंडअळीसाठी पऱ्हाटी शेतातून काढावीच लागते, हे खरं. ती उघड्यावर जाळावी लागत नाही, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.

(दृश्य: खड्डा काठोकाठ निखाऱ्यांनी भरलेला. पाणी पडतं. वाफेचा लोट.)

विझवायला उशीर केला तर हाती राख येते. पाणी असेल तर पाणी. नसेल तर वरून ओली माती लोटायची आणि ती दाबून, हवा बंद करून रात्रभर ठेवायची.

(दृश्य: तळहातावरचे काळे तुकडे. जवळून.)

चांगला कोळसा हलका असतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की काचेच्या बांगडीसारखा किणकिणतो. चिमटीत चुरडून बघा: बोटं काळी होतात, पण नुसत्या पाण्यानं धुऊन निघतात. तेलकट चिकटा राहिला, तर काडी अर्धकच्ची राहिली. तुकडा मोडला की आत बारीक छिद्रं दिसतात, आणि डोळ्यांना न दिसणारी याहून कितीतरी जास्त. पाणी, अमोनिया, जिवाणू यांना घर मिळतं ते तिथं. शिवाय हा कर्ब शेणखतासारखा वर्ष-दोन वर्षांत कुजून संपत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तिथल्या मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी मातीत मिसळलेला कोळसा आजही सापडतो, आणि ती माती आजूबाजूच्या मातीपेक्षा सुपीक आहे.

(दृश्य: एक ताई शेणकाल्यात कोळसा कालवताहेत.)

कोरा कोळसा मात्र थेट शेतात टाकायचा नाही. रिकामी छिद्रं आधी मातीतलंच नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. म्हणून ताई तो कुटून ज्वारीच्या दाण्याएवढा करतात, शेण-गोमूत्राच्या काल्यात भिजवतात आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवतात. ढिगावर ओलं पोतं टाकलेलं असतं. याला घाई चालत नाही.

(दृश्य: बरड पट्टी. सरीत काळी रेघ.)

टनभर पऱ्हाटीतून दोन-अडीच क्विंटल कोळसा हाती येतो. सगळ्या रानात फेकला तर दिसणारही नाही. तो जायला हवा आधी बरडावर, मुरमाड पट्टीत, जिथं चार दिवस पाऊस लांबला की उभं पीक माना टाकतं. आणि तिथंही तासात, बियाण्याच्या ओळीत. दरसाल एक पट्टी. चुनखडीच्या, आठच्या वर सामू (पीएच) असलेल्या काळ्या जमिनीत बेतानं वापरा, कारण कोळसा स्वतः विम्लधर्मी असतो, म्हणजे सामू आणखी वाढवतो. आधी माती तपासून घ्या.

कोळशानं हलक्या रानात ओल जास्त टिकते आणि खत कमी वाहून जातं. उत्पन्न किती वाढेल, ते जमिनीवर आणि पावसावर ठरतं. मजुरी मात्र नक्की वाढते.

(दृश्य: खड्ड्याशेजारी पऱ्हाटीचे उरलेले ढीग.)

पऱ्हाटी वाळलेली आहे तोवर, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, कोळसा करून घ्या. मे महिन्यात तो काल्यात मुरेल आणि पेरणीच्या वेळी तासात टाकायला तयार असेल. खड्डा एकानं खणला तरी चार शेजाऱ्यांची पऱ्हाटी त्यात होते. पाळी लावा, मजुरी वाटून जाईल.