काही दाबू नकोस

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

अध्यक्ष, संघाचे पदाधिकारी आणि पंख्याखालची जागा धरण्यासाठी अर्धा तास आधी आलेले सगळे, नमस्कार.

सेक्रेटरींनी फळ्यावर झकास अक्षरात विषय लिहिलाय : ‘पहिला स्मार्टफोन आणि सुरक्षित आर्थिक व्यवहार’. ‘आर्थिक’ असा शब्द घातला की सभागृह भरतं, हे त्यांना बरोबर कळतं. त्या विषयावर मी येणार आहे, काळजी करू नका. पण त्याआधी माझं एक म्हणणं आहे. ते मी भेटेल त्याला ऐकवत असते. घरी आता ते कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथं बोलावलंत तेव्हा लगेच हो म्हटलं.

माझं म्हणणं असं, की आपल्या वयाच्या माणसाचं फोनपाशी अडतं त्याला वयाला दोष देऊ नये, डोळ्यांना देऊ नये, इंग्रजीला तर मुळीच देऊ नये. घराघरात एक वाक्य बोललं जातं, सगळं त्या वाक्यानं अडवलंय. पोरं प्रेमानं फोन आणून देतात, हातात ठेवतात आणि लगेच म्हणतात, “आई, काही दाबू नकोस.”

मग काय करू? ओवाळू?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. चौथीचा वर्ग कुणीही मागून घेतं. पहिली कुणालाच नको असते, ती माझ्याकडे यायची. तिथं एक गोष्ट पक्की कळली : पेन्सिल बाईंच्या हातात राहिली तर अक्षर बाईंचंच सुधारतं. पोराला आधी मनसोक्त रेघोट्या ओढू द्याव्या लागतात. घरात फोन शिकवताना मात्र उलटं चालतं. आजोबा विचारतात, “अरे, हा फोटो कसा पाठवायचा?” नातू म्हणतो, “आणा इकडे.” चार ठिकाणी टकटक करतो आणि, “हं, गेला.” आजोबांना काय दिसलं? नातवाचा अंगठा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न. मग नातू म्हणतो, “कितीदा शिकवलं तुम्हाला!” अरे, एकदा तरी शिकवलंस का?

इथं हात वर करा, ज्यांच्या घरी असं होतं त्यांनी. ... बास, बास. उरलेल्यांचे नातू बहुतेक परदेशात असावेत.

आता आमच्या थोरल्या जाऊबाईंची हकिगत सांगते. परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, “सांग, पण नाव घेऊ नको, गावात आधीच झालंय.” त्या कोरेगाव तालुक्यात गावी राहतात. जन्म शेतात गेला. मुलगा पुण्याला आयटीत. त्यानं दिवाळीला फोन आणला. सगळं स्वतः बसवून दिलं, स्क्रीनवर चित्रांच्या चार रांगा, आणि जाताना ते वाक्य बोलून गेला.

पहिली अडचण आली ती फोन उचलण्याची. हिरवा गोल दिसतो. माणूस दाबणार की नाही? जाऊबाई दाबत राहायच्या, फोन वाजत राहायचा आणि वाजून वाजून बंद पडायचा. त्या फोनवर तो गोल बोटानं वर सरकवायचा असतो, हे पोराला इतकं साधं वाटलं की सांगायचं राहून गेलं. शेजारचं पोरगं येऊन उचलून द्यायचं. म्हणजे बघा, फोन घरात आणि उचलणारा शेजारी. पूर्वी गावात एकच फोन होता तेव्हाही असंच चालायचं.

दुसरी अडचण भारी होती. चित्रं नाहीशी व्हायला लागली. आज व्हॉट्सॲप दिसेना, उद्या कॅमेरा दिसेना. एक दिवस खालचं हिरव्या रिसीव्हरचं चित्रच गेलं. फोनमधला फोन गेला! जाऊबाई दुसऱ्याच्या साध्या फोनवरून मुलाला म्हणाल्या, “तुझा फोन पळाला.” तो म्हणाला, “आई, तू काहीतरी दाबलंस.” त्या म्हणाल्या, “मी कशाला दाबू? मी देवीची शपथ घेते.” दोघंही खरं बोलत होते, हे पुढं कळेल. पण त्या दिवसापासून फोन कपाटात गेला, ठेवणीतल्या साड्यांच्या घडीत.

जत्रेला गेले तेव्हा मी तो बाहेर काढायला लावला आणि त्यांच्या हाताकडे नुसती बघत बसले. शाळेत पोर पेन्सिल कशी धरतं ते बघायची सवय होती, ती कामी आली.

आता जरा विज्ञान, सोसून घ्या. या काचेला दाबानं काही कळत नाही. काचेखाली अगदी सूक्ष्म विद्युतभार असतो, बोट टेकलं की तो त्या जागी बदलतो आणि फोनला कळतं की इथं बोट आहे. म्हणून नख चालत नाही, साधी पेन्सिल चालत नाही. आणि भांगलण करून, शेण लावून राठ झालेलं, कोरडं बोट कधी कधी काचेला समजतच नाही. जाऊबाईंचं तेच होत होतं. पहिल्या स्पर्शाला फोन हलेना, म्हणून त्या जोरात दाबायच्या आणि दाबून धरून ठेवायच्या. पण साधारण अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ बोट राहिलं की फोन समजतो, या बाईंना हे चित्र उचलून दुसरीकडे ठेवायचंय. तो थरथरतो. त्या दचकून हात ओढायच्या. चित्र बोटाबरोबर घसरत जाऊन दुसऱ्या चित्रावर पडायचं आणि दोघांचा एक डबा व्हायचा. हिरवा रिसीव्हर कॅल्क्युलेटरबरोबर एका डब्यात बसलेला सापडला. चोरी झाली नव्हती, आणि बाईंनी त्यांच्या समजुतीप्रमाणे काही वेडंवाकडं दाबलंही नव्हतं.

यावर उपाय फोनमध्येच आहे, आणि घरोघरच्या आयटीवाल्यांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असतो. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ म्हणून भाग असतो. त्यात ‘टच अँड होल्ड डिले’ शोधा, कंपनीगणिक त्याची जागा थोडी बदलते. तिथं ‘लाँग’ करून ठेवा. म्हणजे बोट जरा जास्त रेंगाळलं तरी फोन समजून घेतो. अक्षरं मोठी करायची सोयसुद्धा तिथंच कुठंतरी जवळपास असते. बोट कोरडं असेल तर किंचित ओलसर करा. पहिल्या पानावर चारच चित्रं ठेवा, बाकीची मागच्या पानावर. आणि नव्या फोनमध्ये खालची तीन बटणं नसतात, कडेवरून बोट ओढून मागं जावं लागतं. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून ही पद्धत पसरली. तरुणांना ती आवडते. आपल्याला ती बटणं परत आणून द्या म्हणावं, तीही सेटिंग्जमध्ये मिळतात. घरातून बाहेर पडायचं दार दिसत असलं की माणूस आत जायला घाबरत नाही.

मग मी विमानाचं चित्र दाबून ‘एअरप्लेन मोड’ चालू केला. फोन बाहेर जाणार नाही, बाहेरून काही आत येणार नाही. बँकेचं त्यात काही नव्हतंच. म्हटलं, “वहिनी, आता काय दाबायचं ते दाबा, फुटला तर मी भरून देते.” आणि मी पदर दोन्ही हातांत घट्ट धरून बसले. शिकवणाऱ्यानं हात बांधून बसणं फार अवघड असतं, करून बघा. त्या उलटसुलट दाबत राहिल्या. टॉर्च लागला, बंद होईना, मग झाला. अलार्म लागला. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फवारणीच्या औषधाच्या बाटलीचा फोटो काढला, दोन बोटांनी फोटो मोठा होतो हे त्यांना आपोआप सापडलं, आणि त्यावरची मुंगीएवढी मुदत मोठ्यानं वाचून दाखवली. मुदत संपलेली होती. दुकानदाराला जाऊन जे बोलल्या ते व्याख्यानात सांगण्यासारखं नाही.

इथं थोडं विषयांतर करते. आमच्या साताऱ्यात १९५९मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, प्रौढांना साक्षर करण्याची. माझी आजी त्यात सही शिकली. ‘अंगठ्यावरून सहीवर आलो आणि आता पुन्हा अंगठ्यावर आलो’ हा विनोद तुम्हाला सकाळीच फॉरवर्ड आलाय, म्हणून मी करत नाही. (हशा) केला वाटतं. असो. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथं २०१६च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साड्या, पाठीवर दप्तर, ज्यांनी फोटो पाहिलेत त्यांना आठवेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत यूपीआय जाहीर झालं, सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आलं आणि आठ नोव्हेंबरला नोटबंदी. म्हणजे फांगण्याच्या आज्या ‘अ आ इ’ गिरवत होत्या तेवढ्यात देशाचं पाकीट फोनमध्ये गेलं. आज्यांना पाटी मिळाली, गुरुजी मिळाले, वेळ मिळाला. तुम्हा-आम्हाला फोन मिळाला आणि वर ‘दाबू नकोस’.

... हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं? सेक्रेटरी, चहा जरा उशिरा आणा.

तर आर्थिक व्यवहार. मी जे बोलत होते ते याच विषयाचं होतं, तुम्हाला वाटलं नसेल. फसवणारा माणूस फोनवर काय म्हणतो? “मी सांगतो तसं करा. का ते नंतर सांगतो. घाई करा. फोन ठेवू नका. घरात कुणाला सांगू नका.” यातली पहिली तीन वाक्यं आपल्याला आपल्या पोरांनीच ऐकायची सवय लावली आहे. फोनमध्ये आपल्याला काही कळत नाही आणि आत्मविश्वासानं बोलणाऱ्याचं ऐकायचं असतं, हे वर्षानुवर्षं गिरवून घेतलंय. मग पोलिसाच्या वेशात व्हिडिओवर कुणी आलं तर त्याचंही ऐकणार. सगळ्याच गोष्टींना घाबरणाऱ्याला नेमकं कुठं घाबरायचं ते कळत नाही. टॉर्चला आणि ओटीपीला तो सारखाच घाबरतो. म्हणून म्हणते, आधी बिनपैशाच्या फोनवर भीती घालवा, आणि मग चार-पाच जागी ती मुद्दाम ठेवा. त्या जागा भरभर सांगते.

यूपीआयचा पिन पैसे द्यायला आणि शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही. “पैसे पाठवतोय, पिन टाका” म्हणणारा चोर, मग तो सैन्यात असो की जावयाच्या ओळखीचा. क्यूआर कोडही पैसे घेण्यासाठी स्कॅन करावा लागत नाही.

ओटीपी मागणारा बँकेतला नसतो. “तुमची स्क्रीन माझ्या फोनवर दिसू द्या” म्हणणारा तर नक्कीच नसतो, ते स्क्रीन शेअर करणं म्हणजे पिन, ओटीपी सगळं त्याच्यासमोर उघडं.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली आणि नावाच्या शेवटी एपीके असं असेल तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. उघडू नका. लग्न कुणाचं ते फोन करून विचारा, खरं लग्न असेल तर बोलावतीलच.

डिजिटल अटक नावाचा प्रकार कायद्यात नाही. व्हिडिओवर कुणी कुणाला अटक करत नाही. फोन ठेवून द्या. उद्धटपणा वाटला तरी ठेवा.

पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, एक-नऊ-तीन-शून्य. १९३०. लगेच, लाज न बाळगता. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात थोपवता यायची शक्यता जास्त. पोरगा ओरडेल म्हणून दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचं नुकसान होतं, आणि पोरांनो, मागं दारात उभे आहात म्हणून सांगते, तुम्ही ओरडता म्हणूनच ते गप्प बसतात.

पेन्शन येतं त्या खात्याला यूपीआय जोडू नका. वेगळं खातं काढा, त्यात भाजीपुरते पैसे ठेवा. पहिला महिना तर तेही नको.

स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पंधरा आकडी नंबर दिसतो, फोनची ओळख. तो डायरीत लिहून ठेवा. फोन हरवला तर सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तो नंबर देऊन फोन बंद करून घेता येतो. पिन मात्र डायरीत लिहू नका, आणि फोनच्या कव्हरच्या आत चिठ्ठी करून तर अजिबात ठेवू नका. तुम्ही कुणाकडे बघून हसताय ते मला दिसतंय.

टाइप करायला होत नसेल तर माइकचं चित्र दाबून बोला. गूगलला २०१७पासून मराठी बोललेलं कळतं. साताऱ्याचं सगळं कळतं असं नाही, पण निभतं.

हयातीच्या दाखल्याचं राहिलं. आता चेहरा दाखवूनही तो फोनवरून देता येतो, बोटांचे ठसे झिजलेत त्यांची मोठी सोय झाली. ते शिकायला मात्र वेळ लागतो, आणि नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत उभं राहून कुणी शिकत नसतं. ज्यांना पाहिजे त्यांनी पुढच्या बुधवारी चार वाजता वाचनालयात यावं. फोन पूर्ण चार्ज करून आणा, चष्मा आणा, आधारला जोडलेला नंबर कुणाच्या फोनमध्ये आहे ते घरी विचारून या. नातवाला आणलंत तर चालेल, पण त्याची जागा बाहेरच्या बाकावर.