एंजल अँड रॉयल : भिंत वाचताना

नमस्कार, श्रोतेहो. लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, लिंकनशर परगण्यात, ग्रँथम नावाचं गाव आहे. तिथल्या 'एंजल अँड रॉयल' हॉटेलचा दर्शनी भाग पंधराव्या शतकातला, घडीव चुनखडी दगडाचा. १४८३ च्या ऑक्टोबरात तिसरा रिचर्ड राजा इथे मुक्कामाला होता, हे तिथे कुणीही सांगेल. आपण भिंतीकडे बघू.

मधोमध गाड्या आत नेण्याची कमान. कमानीवर भिंतीतून पुढे आलेली खिडकी, तिला ओरिएल म्हणतात. खाली खांब नाही. तळाशी मुकुट धरलेला देवदूत कोरलेला तोडा, म्हणजे खिडकीचा भार पेलायला भिंतीतून बाहेर काढलेला दगड. असा तोडा बाहेर दिसतो तेवढ्यावर तगत नाही. त्याची शेपटी भिंतीत खोल जाते आणि वरच्या भिंतीचं वजन तिला दाबून धरतं. वरची भिंत पोखरली, की खिडकी पुढे कलायला लागते.

चुनखडी थराथरांनी बनते. भिंतीत बसवताना थर खाणीत होते तसेच आडवे ठेवायचे. गवंड्याने ते दर्शनी तोंडाला समांतर उभे केले, तर पाणी थरांत शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. बाहेर झुकलेल्या कंगोऱ्याच्या, म्हणजे भिंतीपुढे आलेल्या आडव्या पट्टीच्या दगडात मात्र थर उभेच लागतात, पण तोंडाला काटकोनात. आडवे ठेवले तर खालचा थर गळून पडतो.

अशा भिंतींचा खरा घात केला तो सिमेंटने. दरजांमधला, म्हणजे दोन दगडांच्या सांध्यांत भरलेला माल दगडापेक्षा मऊ हवा, म्हणजे ओल दरजेतून उडून जाते आणि झिजायचं ते मालच झिजतो. सिमेंट ओल अडवतं, मग ती दगडातून वाट काढते. दरजा शाबूत राहतात आणि दगड झडतो. मुंबईत वापरलेला पोरबंदर दगडही चुनखडीच, तेव्हा तिथेही हेच लागू.

दुरुस्ती करताना जुना माल दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल काढावा, तोही छिन्नीने. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. धूळ झाडून दरज ओली करायची. एक भाग चुन्याला साधारण तीन भाग रेती घ्यायची, पण आधी जुना माल तपासून. भरल्यावर ओल्या पोत्यांनी झाकून ठेवायचं. चुना भराभर सुकला तर भुसभुशीत होतो. पारा पाच अंशांखाली जाणार असेल, तर त्या दिवशी हे काम काढूच नये.