काळ्या मातीत फोर बाय फोर: पहिले धडे

उन्हाळ्यात भेगाळलेली विदर्भातली काळी माती दमदार पाऊस पडला की फुगते आणि टायरला चिकटते. खाचा भरल्या की नवा टायरही गुळगुळीत झाला समजा. म्हणून शिकायची सुरुवात कोरड्या पांदणीवर करा, पिकातून किंवा कोणाच्या धुऱ्यावरून नाही.

फोर बाय फोर म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना. त्यासाठी थारसारख्या फोर बाय फोर गाडीत दुसरा लिव्हर असतो. टू एच (फक्त मागची दोन चाकं) रोजच्या रस्त्यासाठी, फोर एच (चारही चाकं) सैल मातीसाठी. फोर एल (चारही चाकं, वेग कमी) टाकताना गाडी पूर्ण थांबवा, गिअर न्यूट्रलला आणा. फोर एलनं चाकाचा जोर वाढतो, पकड वाढत नाही. नवशिके फसतात ते इथंच. डांबरावर फोर बाय फोर चालवू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो.

माती मऊ असेल तर टायरची हवा ३० वरून २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, जमिनीवर जास्त टेकतो. मात्र त्याची बाजूही बाहेर फुगते. कापूस निघालेल्या वावरात पऱ्हाटीचे तिरपे कापलेले खुंट उभे असतात, ते नेमके त्या पातळ बाजूत घुसतात. तिथला फाटलेला टायर पंक्चरवाल्याकडेही वाचत नाही. खुंटाच्या वावरात हवा कमी करूच नका.

चाक जागेवर फिरू लागलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. रेटत राहिलात तर चाक खड्डा खोदतं, डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचा फुगीर भाग) मातीवर टेकतो आणि मग चाकं नुसती फिरतात. आधी आल्या चाकोरीनं रिव्हर्स घेऊन पाहा. नाहीच निघाली, तर फावड्यानं गोळ्याखालची माती काढा, चाकासमोर उतार करा, तुराट्या आडव्या टाका.

ट्रॅक्टर बोलावलात तर साखळीऐवजी रिकव्हरीचा पट्टा वापरा. तो चेसिसच्या हुकालाच लावा, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही. हा गोळा तुटला तर गोळीसारखा सुटतो. बघे लांब ठेवा, पट्ट्याच्या दीडपट तरी.

नाल्याचा काठ सरळ उतरा, तिरपं गेलात तर गाडी कलंडते. फोर एल, पहिला गिअर, क्लचवर पाय नको. पाण्यात आधी काठी घेऊन चालून पाहा. गढूळ पाणी जोरात वाहत असेल तर परत फिरा.

डांबराला लागण्याआधी हवा भरा. नंतर स्टिअरिंग थरथरलं, तर बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी रिंगच्या आत वाळलेला चिखल खरवडून काढा.