श्रवणयंत्र, स्पीकर आणि मधला फोन

श्रोतेहो, नमस्कार.

श्रवणयंत्र ब्लूटूथचं आहे, स्पीकरही ब्लूटूथचा आहे, मग ही दोन एकमेकांना जोडली का जात नाहीत? यंत्र बिघडलेलं नसतं. स्पीकर आणि श्रवणयंत्र दोन्ही घेणारे आहेत. देणारा तिसराच असतो: फोन, टीव्ही किंवा संगणक. दोन घेणाऱ्यांनी एकमेकांपुढे हात पसरून काय मिळणार? म्हणून यंत्र स्पीकरला नाही, तर गाणं जिथून निघतं त्याला जोडायचं.

आता फोनशी जोडताना होणारी नेहमीची चूक. सगळ्या यंत्रांची बोली एक नसते. काही यंत्रं आयफोनच्या खास पद्धतीवर चालतात, काही अँड्रॉइडच्या ‘आशा’ पद्धतीवर, तर काही हेडफोनसारख्या साध्या ब्लूटूथवर. आयफोनच्या पद्धतीचं यंत्र ब्लूटूथच्या यादीत शोधत बसू नका. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि त्यात हिअरिंग डिव्हाइसेस उघडा. मग यंत्राच्या बॅटरीचं दार उघडून पुन्हा बंद करा. यंत्र चार्जिंगचं असेल तर चार्जरमध्ये ठेवून बाहेर काढा. त्यानंतर बहुतेक यंत्रं साधारण तीन मिनिटंच जोडणीसाठी तयार असतात. दोन यंत्रं असतील तर फोन दोनदा विचारतो, आणि दुसरा प्रश्न यायला कधीकधी मिनिटभर लागतं. पहिल्यालाच ‘पेअर’ दाबून फोन खिशात टाकला, की मग एकाच कानात गाणं वाजतं.

घरच्यांना स्पीकरवर आणि आपल्याला यंत्रात, असं एकाच वेळी ऐकायचं असेल तर दोन ब्लूटूथ उपकरणांना आवाज पाठवणारा फोन किंवा ट्रान्समीटर लागतो. पण बाजारातला साधा ट्रान्समीटर फक्त साध्या ब्लूटूथचीच बोली जाणतो. आयफोन किंवा आशा पद्धतीच्या यंत्राशी त्याचं जमत नाही. तिथे यंत्राच्याच कंपनीचा स्ट्रीमर, म्हणजे टीव्हीसारख्या उपकरणाला जोडून आवाज यंत्रात पाठवणारी डबी, किंवा छोटा रिमोट माइक घ्यावा लागतो. हा माइक स्पीकरच्या जाळीपासून वीतभर अंतरावर ठेवला, की खोलीतला घुमारा मागे पडतो आणि गाणं स्वच्छ येतं.

जोडणी झाली तरी एक घोळ उरतो. तीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज हवेतून सुमारे ९ मिलिसेकंदांत कानाशी येतो. ब्लूटूथला मात्र १०० ते २०० मिलिसेकंद सहज लागतात, आणि स्पीकरला व यंत्राला होणारा उशीर सारखा नसतो. त्यामुळे तबल्याची एकच थाप दोनदा ऐकू येते. यंत्राच्या फोनवरच्या ॲपमध्ये यंत्राचा माइक बंद केला की हे कमी होतं. पण यंत्राची कानात बसणारी मऊ टोपी, म्हणजे डोम, ‘उघडा’ म्हणजे छिद्रांचा असेल, तर स्पीकरचा आवाज तिथून शिरतोच. अशा वेळी स्पीकर किंवा थेट यंत्रात येणारं गाणं, दोन्हींपैकी एकच निवडा.

कोणतं निवडायचं? आमचं मत विचाराल तर उघडा डोम असणाऱ्यांनी बऱ्याचदा स्पीकरच निवडावा. यंत्राचा रिसीव्हर, म्हणजे कानात आवाज सोडणारा भाग, अगदी इवलासा असतो, आणि तो जो थोडाफार खर्ज काढतो तोही डोमच्या छिद्रांतून निसटतो. म्हणून थेट यंत्रात घेतलेलं गाणं पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं लागतं. स्पीकरचा खर्ज मात्र त्याच छिद्रांतून थेट कानात येतो, आणि वरचे सूर यंत्र वाढवून देतं. ज्यांना खालचे सूरही ऐकू येत नाहीत, त्यांना बंद डोम किंवा कानाच्या मापाने घडवलेला मोल्ड आणि गाणं थेट यंत्रात घेणं बरं पडतं.

मात्र स्पीकरवर ऐकायचं तर यंत्रात म्युझिक प्रोग्राम, म्हणजे गाण्यासाठीची वेगळी सेटिंग, हवीच. यंत्र मुळात बोलणं ऐकण्यासाठी घडवलेलं असतं. तंबोऱ्याचा किंवा बासरीचा लांबलेला स्वर त्याला स्वतःची शिट्टीच वाटते. तो दाबण्यासाठी शिट्टीरोधक धावून येतो आणि सूर थरथरतो, किंवा बाजूला दुसराच खोटा सूर उमटतो. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे गेलात की नेमकं सांगा: शिट्टीरोधक मंद करा, गोंगाट कमी करणारी सोय आणि वरचे सूर खाली सरकवणारी सोय बंद करा, माइक चारही बाजूंचं ऐकणारा ठेवा. नुसतं ‘गाणं नीट येत नाही’ म्हटलं तर बहुधा आवाज वाढवून मिळतो, आणि त्रास तिथेच राहतो.

आवाजाबद्दलही एक उलटी वाटणारी गोष्ट. साधं बोलणं ६०-६५ डेसिबलचं असतं, प्रत्यक्ष मैफलीत वाद्यं १०० च्या पुढे जातात. अनेक यंत्रांचा माइकमधून आवाज आत घेणारा पहिला टप्पा ९५ च्या आसपासच हात टेकतो, आणि तिथे एकदा फाटलेला आवाज पुढच्या कुठल्याही सेटिंगने जुळत नाही. म्हणून स्पीकर कमी करा आणि यंत्र वाढवा. मैफलीत स्पीकरचं बटण आपल्या हातात नसतं. तिथे माइकच्या छिद्रांवर पारदर्शक चिकटपट्टीचे तीन-चार थर लावतात. दिसायला गावठी, पण आवाज साधारण १० डेसिबलने उतरतो. घरी आल्यावर पट्टी काढायला विसरू नका.

टीव्हीवर गाणी ऐकणाऱ्यांसाठी: ऑप्टिकल वायरने स्ट्रीमर जोडला, दिवा लागला, तरी आवाज नाही, असं झालं तर टीव्हीच्या साउंड मेन्यूत जा. डिजिटल आउटपुट ‘डॉल्बी’ किंवा ‘ऑटो’वर असेल तर ‘पीसीएम’ करा. बऱ्याच स्ट्रीमरना डॉल्बी उलगडता येत नाही.

राहिला ऑराकास्ट, म्हणजे ब्लूटूथचीच प्रसारणाची नवी पद्धत. यात एकच ट्रान्समीटर कितीही यंत्रांना एकाच वेळी आवाज देतो, त्यामुळे जोड्या लावायची कटकट नाही. पण यंत्रातही तो हवा, आणि देणाऱ्या उपकरणातही. खोक्यावर ऑराकास्टची खूण असलेले काही स्पीकर तो फक्त आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या स्पीकरला जोडण्यासाठी वापरतात. म्हणून घेण्याआधी स्वतःचं यंत्र कानात घालून, ॲपमध्ये त्या स्पीकरचं प्रसारण दिसतंय आणि आवाज येतोय का, हे दुकानातच पाहा.