झाड जोमात वाढलं, पण लाकडाचं काय?

नमस्कार मंडळी, आज जरा लाकडाच्या आत शिरू. समजा एकाच दिवशी लावलेली दोन झाडं आहेत, दोन्ही सरळसोट, दोघांचा घेर सारखा, बाहेरून बघून कुणालाच फरक सांगता येणार नाही. तोडली, चिरली, फळ्या वाळवल्या आणि एकाच्या फळ्या एका सुतात राहिल्या, दुसऱ्याच्या पिळल्या, बाकल्या. माती तीच, पाऊस तोच, मग हा फरक आला कुठून? बराचसा आला आईबापाकडून, म्हणजे जीन्समधून. अडचण एवढीच की झाड चिरेपर्यंत तो कुणाला दिसत नाही, आणि तोवर पंचवीस-तीस वर्षं गेलेली असतात.

आता आत काय चाललंय ते बघा. लाकडाची पेशी म्हणजे एक लांबुळकी नळी, तिच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिशय बारीक धागे असतात आणि ते गोल जिन्यासारखे वळसे घेत वर जातात. हा जिना किती उभा आहे यावर खूप काही ठरतं. धागे जवळजवळ उभे, म्हणजे नळीच्या लांबीशी 10-15 अंशांचा कोन असेल तर लाकूड ताठ राहतं, वाळताना लांबीत जवळपास आकसत नाही. कोन 30-40 अंशांवर गेला की ताठपणा जातो, लाकूड लांबीतही आकसायला लागतं, आणि फळीची एक बाजू जास्त आकसली, दुसरी कमी, की फळी वाकलीच. याला मायक्रोफायब्रिल अँगल म्हणतात. पाइनसारख्या झाडांत हा कोन खोडाच्या मध्याला मोठा असतो आणि सालीकडे जाता जाता कमी होतो. थोडक्यात झाडाने लहानपणी, पहिल्या दहा-पंधरा वलयांत, तयार केलेलं लाकूड कोवळं आणि कमजोर असतं.

इथेच ब्रीडिंगवाल्यांची पंचाईत झाली. रेडिएटा पाइनचं उदाहरण घ्या, मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा, पण त्याची मोठी लागवड झाली न्यूझीलंडमध्ये. तिथे 1950 च्या दशकापासून लागवडीतली सगळ्यात देखणी झाडं हेरली, त्यांच्या फांद्यांची कलमं करून बियाण्याच्या बागा उभ्या केल्या. निवडीचा निकष होता वाढ आणि ठेवण, बियाण्याच्या रेटिंगचं नावच जीएफ, म्हणजे ग्रोथ अँड फॉर्म. काम चोख झालं, झाडं भराभर जाड झाली, पण लवकर जाड झालेलं झाड लवकर तोडलं जातं आणि त्या खोडात कोवळ्या लाकडाचा वाटा मोठा असतो. शिवाय रेडिएटामध्ये वाढ आणि घनता, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या लाकडाचं वजन, यांचं फारसं जमत नाही, नुसत्या वाढीमागे धावलात तर घनता हळूहळू घसरते. म्हणून पुढे घनतेलाही निवडीत जागा द्यावी लागली. माझं तर स्पष्ट मत आहे की लाकडाचे गुण पहिल्या पिढीपासूनच मोजायला हवे होते.

कारण बघा ना, उंची आणि जाडी यावर पाणी, माती, शेजारच्या झाडाची सावली या सगळ्याचा इतका प्रभाव असतो की त्यातला आनुवंशिक वाटा साधारण 10 ते 30 टक्केच भरतो. घनतेत तो बऱ्याचदा 50 टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतो. म्हणजे घनतेसाठी आईबाप निवडले तर ते मुलांत उतरण्याची खात्री जास्त.

पण मोजायचं कसं, झाड न तोडता? एक पोकळ ड्रिल खोडात घालून पेन्सिलीएवढा लाकडाचा गोल तुकडा काढतात, त्यात सालीपासून मध्यापर्यंतची सगळी वलयं येतात, अख्खा इतिहासच म्हणा ना. दुसरी पद्धत मला फार आवडते. खोडात वर-खाली दोन खिळ्यांसारखे सेन्सर ठोकायचे, एकावर हातोडी मारायची आणि आवाज दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोचतो ते बघायचं. आवाज जितका वेगात, तितकं लाकूड ताठ. वेगाचा वर्ग गुणिले घनता, आला ताठपणा. एका माणसाला दिवसभरात शेकडो झाडं तपासता येतात, आणि ब्रीडिंगमध्ये हजारो झाडं मोजल्याशिवाय काही कळत नाही.

तरीही वाट बघणं संपत नाही, झाडाने निदान काही वलयं तरी घालायला हवीत. यावर उपाय सापडला तो गाईम्हशींच्या ब्रीडिंगमध्ये नावारूपाला आलेल्या पद्धतीत, जिनोमिक सिलेक्शन. 2001 मध्ये ही कल्पना मांडली गेली. आधी हजार-दोन हजार झाडांचं लाकूडही मोजायचं आणि डीएनएवरच्या हजारो खुणाही वाचायच्या, मग कॉम्प्युटर शिकतो की कुठल्या खुणांचा मेळ असला की लाकूड चांगलं निघतं. त्यानंतर नवीन रोप हातभर असतानाच पान घ्या, डीएनए वाचा, अंदाज तयार. डीएनए वाचणं सोपं होतं असं मात्र समजू नका, पॉप्लर या झाडाचा जिनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, 2006 मध्ये वाचला गेला तो लहान होता, पण 2013 मध्ये वाचलेला नॉर्वे स्प्रूसचा जिनोम सुमारे 20 अब्ज अक्षरांचा निघाला, माणसाच्या सहा पटींहून मोठा.

आता लिग्निन. हा पेशींना जोडणारा गोंद, कागद बनवताना हाच शिजवून काढावा लागतो आणि त्यात केमिकल आणि ऊर्जा प्रचंड जाते. लोब्लॉली पाइनमध्ये निसर्गातच एक म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, सापडलं, लिग्निन बनवणारं एक एन्झाइम बंद पडलेलं, आणि त्या जीनच्या आईबापाकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या झाडाचं लाकूड चक्क तपकिरी. एकच प्रत बिघडलेलं झाड बाहेरून मात्र एकदम नॉर्मल, म्हणून ते निवडीत सहज पुढे आलं होतं. पुढे क्रिस्परने, म्हणजे जीन्समध्ये नेमका बदल करण्याच्या तंत्राने, पॉप्लरमध्ये एकाच वेळी अनेक जीन्स बदलून 2023 मध्ये लिग्निन निम्म्याच्या जवळपास कमी करून दाखवलं. पण हात आखडता ठेवावा लागतो, लिग्निन नको तिथून गेलं तर पाणी वर नेणाऱ्या नळ्या आतल्या आत चपटतात आणि झाड खुरटतं.

आणि एक गोष्ट यात हमखास विसरली जाते. निवड जितकी कडक, तितके मोजके आईबाप उरतात. उद्या नवीन कीड आली, पाऊस बदलला, तर लागणारा जीन कदाचित आज नापास केलेल्या झाडात असेल. म्हणून चांगल्या प्रोग्रॅममध्ये नापास झालेल्या झाडांचीही कलमं वेगळ्या प्लॉटमध्ये नंबर घालून जपून ठेवतात, लाकूड मऊ असलं तरी.