बांधीतलं नाटक

वैनगंगेच्या काठचं हे गाव. धान कापून झालं, पुंजणे म्हणजे धानाचे ढीग लागले, बांध्या म्हणजे धानाची शेतं मोकळी झाली. ही जी कुदळ चाललीय, ती नाटकासाठी.

बसायच्या जागेचा पुढचा भाग खोल, मागे चढ. म्हणजे शेवटच्या माणसालाही नट दिसतो. निघालेली माती पुढे रचून तिचाच मंच होणार. आजोबांनी काठीनं रेघ मारली, पोरं त्या रेघेवर खणतायत. माप कागदावर कुठंच नाही, त्यांच्या पावलांत आहे. घमेली हातोहात पुढं जातायत. या रांगेत कुणबी आहेत, गोंड आहेत, ढिवर आहेत, बौद्ध मोहल्ल्यातली पोरं आहेत. एरवी यांचे लग्नाचे मांडव वेगळे. या आठवड्यात घमेलं कोणाच्या हातातून आलं, हे कोणी पाहत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. ही झाडीपट्टी. झाडीबोलीच्या शेजारी इथं गोंडी, हलबी, पोवारी बोलली जाते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात बंगाली निर्वासितांची गावं आहेत, गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. इतक्या तऱ्हेची माणसं रात्रभर एका जागी बसवणारं नाटकाइतकं दुसरं काही आम्हाला या भागात दिसलं नाही. दंडार या इथल्या लोकनाट्याच्या अंगणात वाढलेलं हे नाटक आहे. यातलेच एक नट, गडचिरोलीचे परशुराम खुणे, यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

हे वडसा, म्हणजे देसाईगंज. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाटक कंपन्यांच्या पाट्या. गावोगावची मंडळं इथं येऊन तारीख धरतात. तारीख ठरली की गावात पहिला निरोप लेकी-जावयांना जातो. दिवसा पट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. पटावर 2014 मध्ये बंदी आली, 2021 च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली. मधल्या वर्षांतही नाटकं होत राहिली.

संध्याकाळ. पत्र्याची पेटी उघडली. फुटक्या आरशात एक नट मिशी चिकटवतोय. काल तो दुसऱ्या गावात, दुसऱ्या नाटकात होता. आजचं नाटक त्याला पाठ नाही. विंगेत बसलेला हा माणूस वही घेऊन प्रत्येक वाक्य आधी बोलणार, नट ते उचलणार. मंचावर दोरीनं टांगलेले माइक बघा. नट बोलत बोलत बरोबर त्यांच्याखाली येतो. ही कसरत शिकायला शाळा नाही, हाच मंच आहे.

खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलंय. या आजी दुपारीच पोतं टाकून जागा धरून गेल्या होत्या. आता त्या पोत्यावर पाच जणी आहेत. "सरका ना जी थोडं," म्हणत सहावी येतेय. पाचही सरकतात.

दहा वाजून गेले. ऑर्गन सुरू झाला.

पूर्वी या गावात दोन मंडळं होती, दोन नाटकं व्हायची. आता एकच होतं.

सकाळचे सहा. पडदा गुंडाळला जातोय. बांधी पुन्हा सपाट करायला चार दिवस लागतील, घमेली पुन्हा तीच. आजी पोतं झटकतायत. तणसाच्या काड्या लुगड्याला तशाच आहेत.